एक जुलैच्या मुली

मार्च लागला की आमच्या गल्लीतल्या कडुलिंबाला तांबूस पालवी फुटते, घरोघर कूलरमध्ये नवी खस भरायच्या गोष्टी सुरू होतात, आणि कोपऱ्यावरच्या शाळेत दहावीचं केंद्र येतं. सकाळी भाजी आणायला निघाले की फाटकापाशी मुलींचा घोळका दिसतो. कुणाची आई चमच्याने दही भरवते आहे, कुणी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकते आहे. परवा त्या घोळक्यातली एक मुलगी ओरडून म्हणाली, "आज माझा बड्डे, अन् आजच गणिताचा पेपर! काय नशीब आहे ना यार!" बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या, एकीने तिच्या गालाला दही फासलं.

मी मेथीची जुडी हातात धरून तिथेच उभी राहिले. मार्चमध्ये जन्मलेली मुलगी. इतकी साधी गोष्ट, पण मला धस्स झालं. भाजीवाला दोनदा "काकू, सुटे" म्हणाला तरी मला ऐकू आलं नाही. माझ्या शाळेत मार्चमध्ये जन्मलेली एकही मुलगी नव्हती. जानेवारीत नव्हती, पोळ्याला नव्हती, दिवाळीत नव्हती. आमच्या मुली सगळ्याच्या सगळ्या एक जुलैच्या होत्या.

हे मी गमतीने सांगत आले आहे. लग्नाकार्यात, रेल्वेच्या डब्यात, कुणी शाळेचा विषय काढला की हा किस्सा मी हटकून सांगते आणि लोक हसतात, कारण प्रत्येकाच्या घरात एखादा एक जूनचा नाहीतर एक जुलैचा माणूस असतोच. किस्सा मी नेहमी तिथेच थांबवते. त्याच्या पुढचं कधी सांगितलं नाही.

शाळा काढली मोठ्या बाईंनी. त्यांना नाव होतं, पण ते फक्त सरकारी कागदावर. मोहल्ल्यात त्या मोठ्या बाई, आणि आम्ही बाकीच्या नुसत्या बाई. ठेंगण्या, आवाज खणखणीत, लग्न न केलेल्या, आणि बाराही महिने हातात पुरुषी काळी छत्री. पाऊस असो नसो, ती छत्री दारं ठोकायला लागायची. सीताबर्डीकडच्या एका नावाजलेल्या शाळेतली कायमची नोकरी सोडून त्या विणकरांच्या मोहल्ल्यात आल्या, हे तेव्हा त्यांच्या नातेवाइकांना वेडेपणाचं वाटलं होतं. मोहल्ल्यालाही वाटलं असणार. तिथे मुली सकाळी उठल्या की सूत घेऊन बसायच्या. मागाला लागणाऱ्या कांड्या भरायचं काम त्यांचंच. चार बोटांना लाल-निळा रंग लागलेला असायचा आणि तो दिवाळीच्या उटण्यानेही जायचा नाही.

पहिला वर्ग भरला तो एका विणकराच्या मागघरात. सोनबाजी त्याचं नाव. तो गिरणीत लागला, माग विकले, आणि मागाखालचे खड्डे तेवढे उरले. हातमागावर बसणारा माणूस जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पायांनी माग चालवतो, तसे ते खड्डे, कमरेइतके, ओळीने सहा. बाईंनी ते बुजवले नाहीत. मुलींना खड्ड्यांच्या काठावर बसवलं, पाय खाली सोडून, मांडीवर पाटी. मी तिथे शिकवायला लागले तेव्हा शाळा सहा-सात वर्षांची झाली होती, पत्र्याच्या खोल्या उठल्या होत्या, तरी पहिली-दुसरी अजून खड्ड्यांवरच भरायची. मी पहिल्या दिवशी फळ्याकडे पाहत मागे सरकले आणि खड्ड्यात पडले. पोरी इतक्या हसल्या की मला रडूही आलं नाही. एक मोठी मुलगी म्हणाली, "बाई, खाली पाहून चालत जा. आमी तं लहानपनापासून पाहून राहिलो."

शाळेच्या नावात हिंदू हा शब्द होता आणि कन्या हाही. फलक फाटकावर मोठ्या अक्षरांत. वर्गात एकही मुलगा नाही, शिकवायला एकही पुरुष नाही, श्रावणात मंगळागौरीची गाणी, संक्रांतीला हळदीकुंकू. बाई म्हणायच्या, "नाव बापांसाठी आहे, शाळा पोरींसाठी." ते खरंही होतं. त्या नावावर भरवसा ठेवून लोकांनी मुली पाठवल्या, आणि आत आल्यावर बाईंनी त्यांना बीजगणित शिकवलं. पण त्या नावाने एक गोष्ट आणखी केली. रस्त्याच्या पलीकडे बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या कुटुंबांची वस्ती होती. तिथल्या मुली आमच्या फाटकासमोरून म्युनिसिपालटीच्या शाळेत जायच्या. त्यांना कुणी कधी येऊ नका म्हटलं नाही, म्हणायची गरजच पडली नाही. मला तेव्हा यात काही वावगं दिसलं नाही. वीस वर्षांची, इंटर झालेली, दोन वेण्यांचा नुकता अंबाडा केलेली मी, मला पगारी नोकरी मिळाली होती आणि माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं बाई सगळ्यांना सांगायच्या.

अक्षर चांगलं म्हणून दाखल-खारीज माझ्याकडे आलं. दाखल-खारीज म्हणजे शाळेचं ते जाडजूड रजिस्टर, ज्यात मुलीचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख आणि शाळेत आल्या-गेल्याची नोंद असते. जूनमध्ये बाई खुर्चीत, मी बाजूला शाई-टाक घेऊन, समोर आई नाहीतर बाप आणि मधे घाबरलेली पोर. जन्म कधीचा विचारलं की कुणी सांगायचं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली, त्या दिवशीचा. कुणी सांगायचं, धाकट्या दिराच्या लग्नात ही पोटात होती. बाई बोटं मोजायच्या, पोरीला उभं करून वरखाली पाहायच्या, आणि आई-बाप बाहेर गेले की मला हळूच म्हणायच्या, "नलू, दोन कमी लिही."

दोन वर्षं कमी. प्रत्येकीची. पहिल्यांदा मी विचारलं, "काहून, बाई?" तर त्यांनी मला समजावलं. एक तर या मुली उशिरा शाळेत येतात, बारा-तेराची घोडी पाचवीत बसलेली दिसली की तपासणीला येणारा साहेब नाक मुरडतो. पण ते वरवरचं. "अगं, पोरगी चौदाची झाली की बाप स्थळ पाहायला लागतो. मी जाते भांडायला. मग मी काय दाखवू? हे दाखवते. म्हणते, ही पहा, बाराची आहे अजून, कागद आहे शाळेचा. बाप गोंधळतो. त्याला तरी कुठे नक्की आठवतं? दोन वर्षं मिळाली तर सातवी होते. नशीब असलं तर मॅट्रिक होते." आणि त्या हसल्या. त्या हसल्या की त्यांचा पुढचा किंचित वाकडा दात दिसायचा.

मला ते इतकं आवडलं! चोरी करून देवाला फुलं वाहावीत तसं वाटायचं मला. दोन वर्षं आपण यमाच्या नाही तरी बापाच्या हातून सोडवतो आहोत, असं मी घरी आईला रंगवून सांगायचे. महिना-दिवस तर कुणालाच माहीत नसायचे, म्हणून सगळ्यांना एक जुलै. त्या दिवशी बाई वर्गावर्गात गूळ-फुटाणे वाटायच्या आणि साऱ्या शाळेचा वाढदिवस व्हायचा. आणि ती युक्ती चालायची, हेही सांगायला हवं. किती मुलींची लग्नं त्या एका रकान्याने लांबवली. दोघी नर्स झाल्या, एक तारखात्यात लागली. एका बापाने तर बाईंच्या समोर मुलीला विचारलं, "काय वं, तू खरंच बाराची आहेस? मले तं मोठी दिसून राहिली." ती पोर गंभीरपणे म्हणाली, "बाराचीच आहो, बाबा." आम्ही दोघी नंतर खोलीचं दार लावून हसलो.

चंद्रकला आली ती अशाच एका जूनमध्ये, थेट पाचवीत. घरी आजोबांकडून लिहायला-वाचायला शिकलेली, पाढे तीसपर्यंत. उंच, सावळी, नजर थेट. तिची आई मात्र बोलकी होती. जन्म विचारल्यावर ती म्हणाली, "साल-बिल मले नाई समजत, बाई. पन ही दीक्षेच्या दसऱ्याची आहे, त्याच दिवशीची. आमच्या घरावरून लोकच लोक चालले होते, सारे पांढऱ्या कपड्यातले. माही सासू सुईनीले आनाले गेली तं तिले रस्ता ओलांडता येईना. सुईन आली तवा पोट्टी होऊन गेली होती."

नागपुरात त्या दसऱ्याचं साल कुणाला सांगावं लागत नाही. छप्पन. आमच्या रजिस्टरच्या सगळ्या पानांत ही एकच मुलगी होती जिचा जन्मदिवस सगळ्या शहराला माहीत होता. तेरा पूर्ण झालेली. बाईंनी मला खूण केली, नेहमीची. दोन कमी. आणि मी टाक बुडवला, एक जुलै लिहिलं, आणि सालापाशी आल्यावर वरचे महिनेही तिच्याच पदरात टाकले. एकोणीसशे एकोणसाठ. बाईंनी दोन वर्षं सांगितली होती, माझ्या हातून जवळजवळ पावणेतीन गेली. हिशेब सोपा व्हावा म्हणून, आणि तिचं भलं व्हावं म्हणून. शाई वाळेपर्यंत मी त्या ओळीवर फुंकर घातली, हे मला स्पष्ट आठवतं.

पुढची वर्षं शाळा नुसती वाढत होती. खड्डे बुजले, त्यावर फरशी आली. आठवी आली, नववी आली, मग दहावीची मान्यता. बाई मुंबईपर्यंत जाऊन आल्या त्यासाठी, पॅसेंजरने, छत्री घेऊन. चंद्रकला दरवर्षी पहिली नाहीतर दुसरी. गणितात तिने मला दोनदा फळ्यावर चूक दाखवली आणि दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं. तिचं काय होणार याबद्दल शिक्षकांच्या खोलीत बोलणं निघायचं. बाई म्हणायच्या, "ही इथेच शिकवायला येईल. नलूच्या जागी." मला मत्सर वाटायला हवा होता, वाटला नाही.

तिच्या दहावीच्या वर्षीचा मार्च मला अजून अंगावर आठवतो. उन्हाळा लवकर लागला होता. काटोलकडची संत्री ढिगांनी आली होती, मुली निरोपसमारंभाला संत्र्यांच्या फोडी खात होत्या, खोलीभर सालीचा वास. चंद्रकला आली नाही. मी म्हटलं, अभ्यासाला बसली असेल.

तिसऱ्या दिवशी हवालदार आला. सायकल कडुलिंबाला टेकवली, टोपी काढून घाम पुसला आणि मला म्हणाला, "मॅडम, ते दाखल-खारीज काढा जरा. तुमच्या एका पोट्टीच्या बापानं कंप्लेन केली आहे. पयवून नेली म्हन्ते. नाबालिग आहे म्हन्ते."

मग कळलं. चंद्रकलाने लग्न केलं होतं. रस्त्यापलीकडच्या वस्तीतल्या अशोकशी, जो हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होता, त्यांच्या पद्धतीने, बुद्धमूर्तीसमोर, मेणबत्त्या लावून. मी हादरले. ती माझ्याशी कधी काही बोलली नव्हती. रोज ती गणिताची वही घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहायची आणि मला कशाचा पत्ता नव्हता. तरी "नाबालिग" ऐकल्यावर मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "अहो हवालदारसाहेब, ती कशी नाबालिग? ती एकोणीस पूर्ण आहे. दीक्षेच्या..." आणि बोलता बोलता मी रजिस्टर उघडलं होतं, बोट रकान्यावरून खाली उतरत होतं, आणि ते माझ्याच अक्षरापाशी येऊन थांबलं.

सोळा. कागदावर ती सोळाची होती.

हवालदार वाकून पाहत होता. "एकोनसाठ," तो मोठ्याने म्हणाला आणि आपल्या वहीत उतरवून घेतलं. "अक्षर मस्त आहे, मॅडम." तो सायकलवर टांग टाकून गेला तरी मी रजिस्टरवर बोट ठेवून बसले होते. इतकी वर्षं आम्ही ते रजिस्टर बापांना दाखवत आलो होतो, मुलींना सोडवायला. हा बाप ते आमच्याकडून उसनं घेऊन गेला होता. आणि त्याला तर तिचं वय पक्कं ठाऊक होतं, त्याच्याच आईला त्या दिवशी रस्ता ओलांडता आला नव्हता.

मी धावत मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं.

"बाई, आपण सांगू या. कोर्टात जाऊन सांगू की तारीख अंदाजाने लिहिली होती. ती एकोणीसची आहे."

"माहीत आहे मला ती किती वर्षांची आहे."

"मग?"

"एकीची तारीख खोटी म्हटली की बाकीच्यांची कशी खरी राहील, नलू? परवापासून आपल्या पोरी परीक्षेला बसणार आहेत. उद्या बोर्डाने सगळ्यांचेच अर्ज अडवले तर? मान्यता काढली तर?" त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आणि ते सोड. तो मुलगा कोणत्या घरचा आहे ते मोहल्ल्यात सगळ्यांना समजलं आहे. काल तीन बाप येऊन गेले. म्हणाले, शाळेनं हेच शिकवलं का? त्यांना दाखले हवेत मुलींचे. त्या तीन घरांतल्या पाच पोरी, नलू. त्या परत कांड्या भरायला बसतील."

"पण चंद्रकला, बाई?"

"सव्वा वर्षात कागदावरही अठराची होईल. मग कोण अडवतं?"

हे त्या बोलल्या. ज्यांनी एका मुलीच्या लग्नाच्या मांडवात शिरून अक्षता पडायच्या आत नवऱ्यामुलाच्या बापाला छत्री दाखवली होती, त्या बाई हे बोलल्या. मला वाटलं मी चुकीचं ऐकते आहे. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्या म्हणाल्या, "मला नाही जमणार तिथे उभं राहायला. अक्षर तुझं आहे. रजिस्टर घेऊन तू जा. काही सांगायचं नाही, लिहिलं आहे तेवढं वाचायचं."

आज मला विचाराल तर मी म्हणेन, मला राग यायला हवा होता. राग आला नाही, भीती वाटली. नोकरीची वाटली, बाईंची वाटली, त्या पाच पोरींचीही वाटली. आणि खोलवर कुठेतरी हेही होतं, ते आता सांगून टाकते, की तो मुलगा आपल्यातला असता तर बाईंनी छत्री उचलली असती, आणि मीही त्यांच्या मागे गेले असते. हे मला त्या दिवशी कळलं. स्वतःबद्दल असं काही कळणं फार वाईट असतं.

कोर्टाच्या खोलीत पंखा फिरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवले होते. चंद्रकला एका बाजूला, गळ्यात नवं मंगळसूत्र नव्हे, नुसती काळी पोत, अंगावर पांढरी साडी. अशोक दोन शिपायांच्या मधे. तिची आई बापाच्या मागे, पदर तोंडावर ओढून. मॅजिस्ट्रेट साहेबांनी आईला विचारलं, मुलगी किती वर्षांची? आईने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोळा."

"आये!" चंद्रकला ओरडली. "तूच सांगे ना वं! दीक्षेच्या दसऱ्याची म्हनून! सुईन यायच्या आधी झाली म्हनून! आता काहून बदलून राहिली?"

आईने पदर आणखी खाली ओढला. साहेबांनी चंद्रकलाला गप्प राहायला सांगितलं, पण आवाजात चीड नव्हती. त्यांनी विचारलं, "जन्माचा काही दाखला आहे?" नव्हता. "मग शाळेची नोंद पाहू." त्या वेळी तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. अगदी स्पष्ट उजळला. शाळेची बाई आली, आता झालं, असं त्या चेहऱ्यावर होतं. ती पदर सावरून सरळ उभी राहिली.

मी वाचलं. एक जुलै एकोणीसशे एकोणसाठ.

"नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"बरोबर आहे?"

पंख्याचा आवाज होत होता. एक कागद दगडाखालून सुटून फडफडला आणि कुणीतरी तो दाबला. मला वाटत होतं की मी आता बोलेन. मी स्वतः उत्सुकतेने वाट पाहत होते, की मी आता बोलेन.

"हो," मी म्हणाले.

चंद्रकला माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या कपाळावर आठी पडली होती, फळ्यावरचं गणित चुकलं की पडायची तशी. तिला वडिलांच्या घरी जायचं नव्हतं म्हणून सज्ञान होईपर्यंत सरकारी महिलागृहात ठेवायचा हुकूम झाला. अशोकला कोठडीत नेलं. मी रजिस्टर छातीशी धरून सिटी बसने परत आले. बसमध्ये कुणीतरी मला उठून जागा दिली, माझा चेहरा तसा दिसत असणार.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी आमच्या मुलींना केंद्रावर घेऊन गेले. बाकांवर खडूने नंबर घातले होते. मी दारातून पाहिलं, खिडकीजवळच्या रांगेतला तिसरा बाक रिकामा, त्यावर खडूने घातलेला तिचा नंबर. पर्यवेक्षिकेने उत्तरपत्रिका वाटताना त्या बाकावरही एक ठेवली आणि मग उचलून घेतली. मला तिथे उभं राहवेना. बाहेर उन्हात पळस पेटले होते आणि मी एका पाणपोईपाशी उभी राहून घटाघट पाणी प्यायले, दोनदा, तीनदा, तहान नसताना.

त्या जूनमध्ये काय झालं ते ऐकाल तर विश्वास बसणार नाही. प्रवेशाला रांग लागली. ज्यांनी दाखले मागितले होते ते तिघे बाप आले, हात जोडून, आणि आपल्या धाकट्या मुलीही घेऊन आले. महालातून, इतवारीतून, कुठून कुठून लोक आले. एक जण बाईंना म्हणाला, "तुमची शाळा म्हंजे भरवशाची. पोरीच्या बापाच्या मागे उभी राहनारी शाळा." बाईंनी मान हलवली. त्या वर्षी आम्ही दोन नव्या तुकड्या काढल्या. मी टाक घेऊन बाजूला बसले होते. पहिल्या मुलीची आई बाहेर गेल्यावर मी सवयीने विचारलं, "दोन कमी?" बाईंनी छत्री उगाच या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "सांगतील ती लिही."

आता तिथे तीन मजली इमारत आहे. संगणकाची खोली आहे, मुलींसाठी सायकल स्टँड आहे, फाटकावर तेच नाव आहे, पितळी अक्षरांत. मोठ्या बाईंचा फोटो पायऱ्यांपाशी आहे आणि मुली जाता-येता त्याला हात लावून कपाळाला लावतात. त्या भल्या बाई होत्या. हे मी उपरोधाने म्हणत नाही. त्यांच्यामुळे शेकडो मुली शिकल्या आणि त्यांतली एक मीही आहे असं मी मानते. मी तिथूनच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात लोकांनी माझ्या सचोटीबद्दल सांगितलं, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांना वाटलं, विनय.

चंद्रकला एकदा आली होती. त्यानंतरच्या दुसऱ्या मार्चमध्ये. परीक्षा चालू होती, शाळा रिकामी होती, वऱ्हांड्यात मी एकटी. तिचं सव्वा वर्ष महिलागृहात गेलं होतं. अशोकची कारखान्यातली नोकरी गेली होती, पण त्याने वाट पाहिली होती, आणि आता हिंगण्याच्या रस्त्याला त्यांची एक खोली होती. तो फाटकाबाहेर सायकल धरून उभा होता, आत आला नाही. ती बारीक झाली होती. म्हणाली, "बाई, मले बाहेरून दहावीले बसायचं आहे. शाळा सोडल्याचा दाखला पाह्यजे."

मी रजिस्टर काढलं, कोरा दाखला घेतला आणि लिहायला लागले. जन्मतारखेपाशी माझा हात थांबला. दुसरं काही लिहिता येत नव्हतं, रजिस्टरमध्ये असेल तेच दाखल्यावर येतं. मी तीच तारीख पुन्हा लिहिली. तिने कागद घेतला, वाचला, आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. दोन वर्षं मी रोज त्या बोलण्याची तयारी केली होती. ती मला शिव्या देईल, कागद फाडेल, तोंडावर फेकेल, आणि मी ऐकून घेईन, असं मी ठरवलेलं होतं.

ती हळूच म्हणाली, "बाई, एक विचारू? इथं कोनी नाई आता. मी तवा खरंच किती वर्षाची होती?"

"एकोणीस," मी म्हणाले. "एकोणीस पूर्ण. वर पाच महिने."

तिने श्वास सोडला. खांदे खाली आले. "मंग माह्यंच बरोबर होतं," ती म्हणाली. "मले तिथं रात्रंदिवस वाटे का माह्यंच डोकं फिरलं आहे. बाबा सोळा म्हने, आई सोळा म्हने, तुमीबी सोळा म्हटलं. आईनं लहानपनी सांगतलेलंच खोटं असन, असं वाटाले लागलं. मी बोटावर मोजू मोजू पाहो. गनित येते ना मले, तरी जमेना."

मी टाकाचं टोक पुसत बसले. तिने दाखल्याची नीट घडी केली, ब्लाउजात ठेवली.

"बरं झालं तुमी सांगतलं, बाई," ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.